मेजर कँडी आणि विश्रामबागवाडा

आपल्या पुण्यात बाजीराव रस्त्यावरून आपण कितीतरी वेळा जातो. तिथला विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी जोतीराव फुले यांचा सरकारतर्फे सत्कार झाला, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? तो सत्कार ज्यांच्या हस्ते झाला त्या मेजर थॉमस कँडी यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

कँडी (१८०४-१८७७) मूळचे इंग्रज लष्करी अधिकारी. मोल्सवर्थ साहेबांच्या १८३१ सालच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ते व त्यांचे बंधू जॉर्ज होते. मोल्सवर्थ यांनी हाती घेतलेला इंग्रजी-मराठी कोश कँडींनी पुरा केला व तो १८४७ साली निघाला. आज आपण लिहिताना स्वल्पविराम, पूर्णविराम देतो, ती चिन्हे मराठीत रुळवण्यासाठी त्यांनी १८५० साली पुस्तिका लिहिली.

ते पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुखही होते. ही पाठशाळा १८२१ साली विश्रामबागवाड्यात निघाली ती पेशवाईतल्या दक्षिणेच्या पैशावर, आणि सुरुवातीला फक्त ब्राह्मण मुलांसाठी. म्हणजे पैसा रयतेचा आणि विद्या मात्र एकाच जातीला! त्याच वाड्यात एकतीस वर्षांनी पंचविशीतल्या माळी तरुणाला शालजोडी मिळाली. कशासाठी? तर मुलींना आणि महार-मांगांच्या लेकरांना शिकवले म्हणून. त्याच १८५२ साली वेताळ पेठेत जोतीरावांनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढली होती.

पण शालजोडीने सगळे काही बदलले असे नव्हे. १८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले, ते नाकारले गेले. कमिटीतल्या भटसभासदांपुढे युरोपियनांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनीच पुढे सांगितले. साहेब कितीही भला असला तरी आपली लढाई आपल्यालाच लढावी लागते, हा त्यातला धडा.

आणि ती लढली गेलीही. त्याच १८५५ साली फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. कँडींनी मराठीला विरामचिन्हे दिली; मुक्ताने त्याच मराठीत आपल्या माणसांचे दुःख मांडले.

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले. म्हणून बंधू-भगिनींनो, सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन विश्रामबागवाडा दाखवा, आणि तिथे उभे राहून त्यांना १८५२ ची ही हकिगत सांगा.