दोन सूर्योदयांचा प्रवास

विमानांच्या दोन तळांमधील अंतर मैलांत सांगावें कीं तासांत, हा प्रश्न आतां कोणी विचारीत नाहीं. उतारूला तासांशीं काम. पण दुसऱ्या महायुद्धांत हिंदी महासागरावर असा एक मार्ग होता, कीं जेथें तासांऐवजीं सूर्योदय मोजण्याची रीत पडली.

१९३८ पासून सिडनीहून इंग्लंडला जाणारीं जलविमानें सिंगापूर, कलकत्ता, ग्वाल्हेर, कराची असे मुक्काम घेत नऊ-दहा दिवसांत साउदॅम्प्टनला पोंचत. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें आणि ही सांखळी मधोमध तुटली. ती पुन्हां जोडावयाची, तर ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थपासून सिंहलद्वीपांतील कोगल्ला सरोवरापर्यंत सुमारें ६,५०० किलोमीटर समुद्र एका दमांत ओलांडणें भाग होतें. वाटेंत निर्धास्तपणें उतरावें अशी जागा नव्हती, आणि बराचसा पट्टा जपानी टेहळणीच्या टप्प्यांत येत होता.

१९४३ च्या मध्यास क्वांटास कंपनीनें कॅटालिना जातीच्या पांच जलविमानांवर हें काम सुरू केलें. विमान भरवशाचें खरें, पण चाल बैलगाडीची. ताशीं दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. इंधन पुरावें म्हणून शस्त्रें काढलीं, थंडी अडविणारें अस्तरही काढलें आणि जादा टांक्या बसविल्या. मग जागा उरली ती तीन उतारूंना आणि ६९ किलो टपालाला! सुरुवातीचे कित्येक तास विमान इतकें जड असे, कीं एक इंजिन बंद पडल्यास दुसऱ्याच्या बळावर तें तरंगत राहणें शक्य नव्हतें.

धोक्याचा पट्टा काळोखांत ओलांडला जाईल, अशा बेतानें निघण्याची वेळ ठरे. बिनतारी यंत्र जवळजवळ मुकेंच ठेवावें लागे, कारण एका संदेशावरून शत्रूला ठावठिकाणा लागला असता. म्हणून वाट ठरविणाऱ्या अधिकाऱ्याची सारी भिस्त ताऱ्यांवर. विमानांचीं नांवेंही ताऱ्यांचींच होतीं: आल्टेर, व्हेगा, रायजेल, अँटारीज आणि स्पायका. पंचांग चाळणाऱ्या घरांत हीं नांवें परकीं वाटूं नयेत; श्रवण, अभिजित, मृगांतील राजन्य, ज्येष्ठा आणि चित्रा तीं हींच.

प्रवासाला २७ तासांपासून ३२ तासांपर्यंत वेळ लागे. विमान तेंच, अंतर तेंच. पण वारा समोरून आला कीं किनारा मागें सरे. सर्वांत रेंगाळलेला प्रवास ३२ तास ९ मिनिटांचा झाला. एकदां आसनावर बसलेला उतारू दोनदां सूर्य उगवलेला पाही, आणि उतरल्यावर ‘द्विसूर्योदयाच्या गुप्त संघा’चें प्रमाणपत्र त्याच्या हातीं पडे. संकटांतली ही थट्टा त्या वैमानिकांच्या स्वभावाला शोभणारीच होती.

१९४४ मध्यें लिबरेटर विमानें आलीं आणि हाच समुद्र सुमारें १७ तासांत ओलांडूं लागलीं. (मार्च २०१८ मध्यें पर्थहून लंडनपर्यंत १४,४९८ किलोमीटरचें विनाथांबा उड्डाण सुरू झालें, त्यालाही जवळजवळ इतकेच तास लागले.) जुलै १९४५ मध्यें कॅटालिनांचा मार्ग बंद झाला. तोंपर्यंत २७१ वेळां समुद्र ओलांडला गेला होता, आणि एकही विमान वा माणूस गमावला नव्हता. विमानें मात्र अमेरिकेच्या उसनवारी करारांतून आलेलीं. युद्ध संपल्यावर तीं ठेवून घेण्याची मुभा नव्हती, म्हणून पांचही ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापलीकडे नेऊन समुद्रांत बुडविण्यांत आलीं.