चिठ्ठी, मानांकन आणि जोड

गेल्या वर्षी उत्सवात मुलांची कॅरम स्पर्धा ज्यांनी पाहिली, त्यांना या लेखाचे कारण सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सोळा मुले, पेढ्यांचा रिकामा खोका, त्यात सोळा चिठ्ठ्या आणि त्या काढणारा हात माझा. पहिल्याच जोडीत स्पर्धेतले दोन सर्वांत चांगले खेळाडू समोरासमोर आले. आदल्या वर्षीची उपविजेती मुलगी तीन गुणांनी हरली. ज्याच्याकडून हरली त्यानेच पुढे ढाल नेली, आणि दुसरे बक्षीस गेले अशा मुलाकडे, ज्याला ती सरावात रोज हरवत होती. घरी जाताना तिने मला विचारले, "काका, मी त्याच्याशी शेवटी खेळले असते तर?" मला उत्तर सुचले नाही. स्मरणिकेसाठी लेख द्या असा संपादकांचा तगादा होताच, म्हणून हा विषय घेतला.

या मुलीचा प्रश्न फार जुना आहे. ऑक्सफर्डचे गणितज्ञ चार्ल्स डॉजसन, म्हणजे 'अ‍ॅलिस'च्या गोष्टी लिहिणारे लुईस कॅरोल, यांनी 1883 साली लॉन टेनिसच्या स्पर्धांवर एक पुस्तिकाच लिहिली. लवकर हरलेला एक खेळाडू, आपल्यापेक्षा कच्चा माणूस दुसरे बक्षीस नेताना पाहून चडफडत होता. तिथून त्यांना विषय सुचला. हिशेब सोपा आहे. बत्तीस खेळाडू असतील तर सर्वोत्तम खेळाडू एका जागी बसवा. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूसाठी 31 जागा उरल्या. त्यांतल्या 16 समोरच्या अर्ध्यात. तिथे पडला तरच तो अंतिम सामन्यात जाणार. म्हणजे प्रत्येक जण आपल्या कुवतीप्रमाणेच खेळला, तरी योग्य माणसाला दुसरे बक्षीस मिळण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम जास्त. आमच्या सोळा मुलांत ती पंधरात आठ होती. आमचे नशीब उरलेल्या सातांत निघाले.

डॉजसन यांचा उपाय असा की, आपल्याहून वरचढ असे तीन खेळाडू ठरेपर्यंत कोणालाच बाद करू नये. तो फारसा कोणी उचलला नाही. वहीत हिशेब ठेवता ठेवता पंच थकले असते. पुढे आली ती मानांकनाची युक्ती. चांगले खेळाडू आधीच ओळखायचे आणि कार्यक्रमपत्रिकेत दूर दूर बसवायचे. विम्बल्डनला 1924 मध्ये एका देशाचे खेळाडू वेगवेगळ्या भागांत टाकण्यापासून सुरुवात झाली, आणि 1927 पासून गुणवत्तेप्रमाणे मानांकन आले. इंग्रजीत याला 'सीडिंग' म्हणतात. बी पेरावे तसे खेळाडू विखरून टाकायचे. आपण 'मानांकन' म्हणून त्यात मान आणला, आणि मान आला की रुसवा आलाच.

हा रुसवा पाहायचा तर अमेरिकेतली कॉलेज बास्केटबॉलची स्पर्धा पाहावी. 1939 साली आठ संघांवर ती सुरू झाली, 1979 मध्ये सर्व संघांना मानांकन आले, 1985 मध्ये 64 संघ झाले आणि 2011 पासून 68. चार विभाग, प्रत्येकात एक ते सोळा क्रमांक, आणि पहिल्याची गाठ सोळाव्याशी. समिती क्रमांक जाहीर करते आणि त्याच रात्रीपासून देशभर वाद पेटतो. आमच्या संघाला सातवा क्रमांक का? दुबळ्या गटात सामने जिंकणाऱ्याला पाचवा का? पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकनाचे संघ पहिल्या मानांकितांकडून 135 वेळा ओळीने हरले, तेव्हा समितीचे बरोबरच असणार असे वाटू लागले. मग 2018 साली मेरीलँडच्या एका छोट्या विद्यापीठाने अग्रमानांकित व्हर्जिनियाला 74-54 असे लोळवले. गंमत म्हणजे हार्वर्डच्या मुलींनी हा पराक्रम वीस वर्षे आधी, 1998 मध्येच केला होता. तो फारसा कोणाच्या लक्षात नव्हता.

बनारसला बास्केटबॉल परका नाही. इथल्या यू. पी. कॉलेजच्या मैदानावर वाढलेल्या सिंह भगिनींपैकी दिव्या, प्रशांती, आकांक्षा आणि प्रतिमा भारतीय संघात खेळल्या. प्रशांतीला 2017 मध्ये अर्जुन पुरस्कार आणि 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यामुळे आमच्या कार्यालयात चहाच्या वेळी क्रिकेटखालोखाल हाच विषय निघतो, आणि वाद असतो तो आंतरविद्यापीठ स्पर्धेचा. तिथे देशाचे चार विभाग पाडतात. बीएचयू पूर्व विभागात. प्रत्येक विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीत जातात. आमचे एक तमिळ सहकारी दरवेळी म्हणतात, दक्षिणेतला पाचवा संघ घरी बसतो आणि तुमच्या पूर्वेचा चौथा गाडीत बसतो, हा कुठला न्याय? त्यावर बनारसी मित्राचे उत्तर ठरलेले : "गुरू, चौथा गेलाच नाही तर पाचव्यासारखं खेळायला शिकणार कधी?" मला दोघांचेही पटते, म्हणून दोघेही माझ्यावर नाराज.

पण खरा दोष मला दुसरीकडे दिसतो. आपल्याकडे मानांकन बहुधा गेल्या वर्षीच्या निकालावरून देतात. गेल्या वर्षीचे पहिले चार संघ चार कोपऱ्यांत, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या. विद्यापीठाच्या संघात मुले तीन-चार वर्षांची पाहुणी. ज्यांनी नाव कमावले ती नोकरीला लागली, आणि मानांकन मात्र मागच्यांना वारसाहक्काने मिळाले. अमेरिकेची समिती निदान चालू हंगामातले सामने पाहते. आपल्याकडे असे सामने होतातच कुठे, की पाहावेत? हा वाद नुसता हौसेचाही नाही. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मागताना कोणत्या स्पर्धेत कितवा क्रमांक, हे प्रमाणपत्रावर पाहतात. पहिल्याच फेरीत विजेत्यांशी गाठ पडलेल्या मुलाच्या कागदावर 'सहभाग' एवढेच असते. माझ्या स्वतःच्या कागदावर तेच आहे. तो अजून ट्रंकेत आहे.

आपल्या गावाकडच्या कुस्तीने हा गुंता वेगळ्याच रीतीने सोडवला होता. कोल्हापूरचे खासबाग असो की जत्रेतला फड, तिथे चिठ्ठ्या नसतात. जाणते वस्ताद जोड लावतात, तोडीस तोड. मानांकन बरोबरीच्यांना लांब ठेवते. जोड त्यांनाच समोर आणते. लहानग्यांची कुस्ती आधी, मोठ्या इनामाची शेवटी. पहिल्या फेरीत भल्या मल्लाचा बळी जाण्याचा प्रश्नच नाही. अर्थात जोड लावणाऱ्याचा भाचा फडात असला की काय होते, ते गावाकडची मंडळी जाणतात. आणि सगळ्यांत थोर कोण, हे जोडीच्या कुस्तीतून कळत नाही. त्यासाठी पुन्हा 'केसरी'सारखी स्पर्धा लागतेच.

यंदाच्या बैठकीत मी हे सगळे मांडले. कॅरमला चार मानांकने द्यायची, बाकीच्या बारा चिठ्ठ्या मुलांनीच काढायच्या, आणि विजेत्याकडून आधी हरलेल्यांना दुसऱ्या बक्षिसासाठी आणखी एक संधी, एवढे एकमताने ठरले. पहिली तीन मानांकनेही झाली. त्या मुलीचे दुसरे. चौथे कोणाला, यावर पाऊण तास गेला, चहा दोनदा झाला, आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे.