सागरजीवपात्राचा आरंभ : तत्त्व आणि श्रम

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातील सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांत समुद्रजलाने भरलेली काचपात्रे दिसू लागली. या छंदाचा इतिहास रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याच्या १८५० च्या निबंधापासून सांगण्याचा प्रघात आहे. मासे, गोगलगाय आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्यास वनस्पती प्राणवायू पुरविते, गोगलगाय कुजलेली पाने खाते व गोडे पाणी न बदलताही जीव जगतात, असे त्याने दाखविले होते. फिलिप हेन्री गॉस याने हे समतोलाचे तत्त्व खाऱ्या पाण्याच्या संदर्भात मांडले आणि १८५४ मधील आपल्या ग्रंथाने ते लोकप्रिय केले. 'ॲक्वेरियम' हे नाव रूढ झाले तेही त्याच्यामुळेच. तत्पूर्वी 'व्हिव्हॅरियम' हा शब्द चाले. आणि 'ॲक्वेरियम' म्हणजे तर लॅटिनमध्ये गुरांना पाणी पाजण्याची जागा! आपल्या 'मत्स्यालय' या प्रतिशब्दात मासाच प्रमुख झाला आहे. मूळ छंदात मान होता तो समुद्रपुष्पांना व प्रवाळांना.

परंतु वॉरिंग्टनपासून केलेला हा आरंभ पुरता खरा नव्हे. ॲना थिन या बाईंनी १८४६ मध्येच टॉर्कीच्या किनाऱ्यावरील जिवंत प्रवाळ सुईदोऱ्याने स्पंजास टाचून लंडनला आणले होते. समुद्राचे पाणी वरचेवर मिळणे कठीण. म्हणून उघड्या खिडकीपुढे तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात अर्धा-पाऊण तास ओतून त्यात हवा मिसळण्याची युक्ती त्यांनी योजिली. हे कष्टाचे काम घरातील एक लहान मोलकरीण करी. तिला त्याची गंमत वाटे, असे बाईंनी नमूद केले आहे. तिला स्वतःला काय वाटे, याची नोंद अर्थातच नाही. समुद्रशैवल आले ते पुढील वर्षी. म्हणजे तत्त्वाआधी हात होते.

स्कॉटलंडातील सर जॉन डॅलिएल यांचे उदाहरण याहून बोलके आहे. नॉर्थ बेरिक येथे १८२८ मध्ये त्यांना सापडलेले एक समुद्रपुष्प, म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेली 'ग्रॅनी', साध्या काचेच्या बरणीत राहून १८८७ पर्यंत जगले. डॅलिएल स्वतः १८५१ मध्ये वारले. बरणी एका संरक्षकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली. येथे समतोल कसला? पाणी बदलणे आणि अधूनमधून शिंपल्यातील मांसाचा तुकडा भरविणे, एवढेच.

समतोलाचे तत्त्व असत्य नव्हते. समुद्रजीवांच्या बाबतीत ते अपुरे होते. शैवलास उजेड हवा, पण उन्हाने पाणी तापते; तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि थंड किनाऱ्यावरील जीव मरू लागतात. एक मेला की त्याच्या कुजण्याने उरलेलेही जातात. विल्यम ॲल्फर्ड लॉइड याने क्रिस्टल पॅलेस येथील १८७१ च्या जलालयात यावर उपाय केला तो अंधाऱ्या, थंड अशा विस्तीर्ण हौदाचा व पाणी अखंड फिरविणाऱ्या पंपांचा. मोलकरणीचे काम वाफेच्या यंत्राकडे गेले.

घरी मात्र ना हौद, ना यंत्र. मेलेल्या जीवांच्या जागी नवे आणण्यासाठी लोक पुनःपुन्हा किनाऱ्याकडे वळत, आणि आगगाडीने ती वाट सोपी केली होती. डेव्हनच्या खडकांतील डबकी कशी ओरबाडली गेली, हे गॉसचा पुत्र एडमंड याने १९०७ मधील आत्मकथनात लिहून ठेविले आहे. त्या विनाशाला आपली पुस्तके कारण झाली, याचे दुःख पित्यास होते, हेही त्याने तेथेच सांगितले आहे.