बोलावण्याचा कागद: जयपुरी निमंत्रणाची कुळकथा

वाढदिवस असो, डोहाळजेवण असो की लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद, हल्ली प्रत्येक समारंभाला ‘थीम’ लागते आणि थीमपाठोपाठ तिला शोभेलशी हस्तनिर्मित पत्रिका येते. कोणत्या रंगाचे कपडे घालायचे, सोहळा राजवाड्याच्या थाटाचा की जंगल सफारीचा, हे पत्रिका हातात पडताच पाहुण्याला कळावं अशी यजमानाची अपेक्षा असते. पुण्या-मुंबईकडच्या अशा पत्रिकांचा कागद पुष्कळदा जयपूरकडचा असतो: जाडसर, सुती, कात्री न लागलेल्या कडांचा, पोटात गुलाबाच्या पाकळ्या दाबलेला. या वस्तूची कुळकथा सहसा दोन वाक्यांत उरकतात. इंग्रजांनी कार्ड आणलं आणि नव्वदीनंतर लग्नाच्या धंद्याने ते फुगवलं. ही कथा मला अर्धीच पटते. कार्डाचा आकार इंग्रजी आहे, हे मान्य. त्याचा आजचा कागद खादी-ग्रामोद्योगाच्या चळवळीने वाचवलेला आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. आणि पत्रिकेचं खरं काम, म्हणजे येणाऱ्याला तो कुठे येणार आहे हे आधीच दाखवणं, राजस्थानात इंग्रजी कार्डाच्या पुष्कळ आधीपासून चालत आलेलं आहे.

याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे जैनांची विज्ञप्तिपत्रं. जैन साधू पावसाळ्याचे चार महिने विहार करत नाहीत, एकाच गावी मुक्काम करतात. नामांकित आचार्यांचा चातुर्मास आपल्याकडे व्हावा ही इच्छा अनेक गावांची असायची, त्यामुळे निमंत्रण म्हणजे नुसतं कळवणं नव्हतं, मन वळवणं होतं. त्यासाठी श्वेतांबर संघ कागदाचे ताव एकाखाली एक चिकटवून लांबच लांब गुंडाळी तयार करवून घेत. सुरुवातीला मंगल कलश, अष्टमंगल, महावीरांची आई त्रिशला हिची चौदा स्वप्नं. त्याखाली गावाचं चित्र, त्यात पेठ, दुकानं, देवळं, वाडे, मिरवणूक. आणि हे सारं पाहून झाल्यावर मजकूर, विनंती व गावच्या श्रावकांच्या सह्या. १८३० मध्ये उदयपूरच्या संघाने बिकानेरला जिनहर्षसूरींना पाठवलेलं असं पत्र ७२ फूट लांब आहे. गुंडाळी उलगडत जावं तसतसा वाचणारा उदयपूरच्या रस्त्याने पुढे सरकतो, आणि वाटेत त्याला महाराणा जवानसिंहाची स्वारी दिसते तसा ब्रिटिश एजंटही दिसतो. त्याहून जुनं, १६१० चं, आग्र्याच्या संघाने विजयसेनसूरींना पाठवलेलं पत्र. त्यात जहांगीराचा दरबार आहे, कारण पर्युषण पर्वात प्राणिहत्येला मनाई करणारं बादशाही फर्मान संघाला आचार्यांना कळवायचं होतं. ही चित्रं काढणारा उस्ताद शालिवाहन हा बादशहाकडचा चितारी, आणि त्याने जसं पाहिलं तसंच चितारलं, अशी नोंद त्या पत्रातच आहे. निमंत्रणात समारंभाची जागा चितारायची, ती खरी चितारायची, आणि पाहुण्याला घरबसल्या तिथे फिरवून आणायचं: आजच्या थीम पत्रिकेकडून याहून वेगळं काय मागितलं जातं?

कुणी म्हणेल, चातुर्मास हा तपाचा काळ, त्याची मेजवानीशी तुलना कशी करता? पण आचार्यांचा नगरप्रवेश म्हणजे वाजतगाजत मिरवणूक, रोजची प्रवचनं, बाहेरगावच्या लोकांची रीघ. व्यापारी गावाचा वर्षातला तो मोठा हंगाम असे. शिवाय वस्तूच्या रूपातून समारंभ सांगायची सवय देवाधर्मापुरती नव्हती. संस्थानी पत्रव्यवहारात खलित्याचा कागद सोनं शिंपडलेला, त्याला मलमलीची पिशवी, तिच्यावर किनखाबाची, आणि गाठीला लाखेची मोहर. किती सोनं आणि कोणतं वस्त्र, हे समोरच्याच्या दर्जावर ठरे, म्हणजे पत्र उघडण्याआधीच अर्धा मजकूर पोचलेला असे. राजेरजवाड्यांच्या बाहेर हेच काम हळद करी. राजस्थानात आजही ‘पीले चावल’, म्हणजे हळदीचे तांदूळ, हातात दिल्याशिवाय बोलावणं पक्कं मानत नाहीत, आणि आपल्याकडे अक्षत देऊन केलेल्या आमंत्रणाचा मान छापील पत्रिकेपेक्षा मोठा. रंगाची अटही नवी नाही. नाथद्वाऱ्यात गणगौरीचे दिवस चुनरी, हिरवी, गुलाबी अशा रंगांनी ओळखले जातात, आणि जयपूरच्या राजघराण्यात दिवाळीला काळा पोशाख करायची रीत आहे. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून दुसऱ्या सवाई रामसिंहाने सारं शहरच गुलाबी करून टाकलं. पाहुण्यासाठी थीम ठरवणं यापुढे आणखी किती ताणायचं!

कागदाची कथा मात्र सरळ चालत आलेली नाही, आणि इथे परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांना थोडं अडवायला हवं. जयपूरच्या दक्षिणेला सांगानेर आहे. तिथल्या कागद करणाऱ्या कागजी मुसलमान घराण्यांत सांगतात, की आमेरच्या राजा मानसिंहाने त्यांच्या पूर्वजांना उत्तरेकडून आणून वसवलं. जुने दोर, गोणपाट, चिंध्या चुन्यात भिजवायच्या, ढेंकीखाली कुटायच्या, तो लगदा हौदात कालवून गवताच्या काड्यांच्या छापरीवर उचलायचा, वाळल्यावर खळ द्यायची आणि दगडाने घोटून गुळगुळीत करायचा. हा कागद मुख्यतः बह्या, जन्मपत्रिका, दफ्तरं यांत जाई. तेव्हा हातकागद म्हणजे फक्त कागद. त्यात काही ‘क्रिएटिव्ह’ नव्हतं. टिटागढसारख्या गिरण्यांचा स्वस्त कागद १८८० नंतर पसरला तसा हा धंदा देशभर खालावला. आपल्याकडच्या जुन्नरच्या आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या कारागिरांवरही तीच पाळी आली. त्याला पुन्हा उभं करण्याचा विचार वर्ध्याचा. १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला, त्याचा कारभार मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी पाहिला, आणि हातकागद त्यांच्या ठळक उद्योगांपैकी एक होता. पुण्याची हातकागद संस्था १९४० ची. सांगानेरला १९९० च्या दशकात राष्ट्रीय संस्था उभी राहिली, तिला नाव दिलं कुमारप्पांचंच. कुमारप्पांना कागद हवा होता तो खेड्याच्या पोटापाण्यासाठी. तो खपला मात्र परदेशी भेटकार्डांत, डायऱ्यांत आणि श्रीमंतांच्या लग्नपत्रिकांत. साध्या जीवनाच्या पुरस्कर्त्याच्या नावाच्या संस्थेशेजारी शाही लग्नाच्या पेट्या बनतात, हा विनोद इतिहासानेच केलेला आहे. पण तो खप नसता तर सांगानेरचे हौद कोरडे पडले असते, हेही खरं.

इंग्रजी कार्डाचा वाटा नाकारायचं कारण नाही. ठरावीक मापाचा पुठ्ठा, त्याच मापाचा लिफाफा, उत्तर मागणारी तळटीप, पोशाखाची ओळ हे सगळं तिकडचं. पण ते कार्ड मुद्दाम कोरडं असे. सभ्यता त्या कोरडेपणातच मानली जाई. १८९७ मध्ये लंडनला डेव्हनशायर हाउसचा गाजलेला वेषांतराचा नाच झाला, त्याच्या निमंत्रणात १८१५ पूर्वीचा ऐतिहासिक किंवा रूपकात्मक पोशाख करावा असं शब्दांत सांगितलेलं होतं. म्हणजे अट तिकडेही होती, पण तिथे ती वाचून कळायची, इथे हाताळून. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. विज्ञप्तिपत्र रंगवणाऱ्यांचा आणि आज संगणकावर पत्रिका बेतणाऱ्यांचा गुरुशिष्यसंबंध कुठे दाखवता येतो? दाखवता येत नाही. रक्ताचं कुळ सिद्ध होत नाही, पण दत्तकानेही कुळ चालतं. खुद्द जयपूरच्या गादीवर दुसरे माधोसिंह आणि दुसरे मानसिंह हे दोघेही ईसरद्याहून दत्तक आलेले होते, म्हणून त्यांना कुणी जयपूरचे महाराजा म्हणायचं सोडलं नाही. थीम पत्रिकेने आकार एका घरचा घेतला, कागद दुसऱ्याचा, आणि कर्तव्य या मातीतलं. कुळ ठरवताना मी कर्तव्याला जास्त वजन देतो.

‘हस्तनिर्मित’ ही निव्वळ जाहिरात आहे, हा तिसरा आक्षेप. होजिअरीच्या कारखान्यांतली सुती कातरणं आता मोटारीवर चालणाऱ्या बीटरमध्ये दळली जातात, ताव यंत्राने दाबले जातात, जाळीदार कमानी लेझरने कापतात. खरं आहे. पण विज्ञप्तिपत्रांतही चौदा स्वप्नं तीच, अष्टमंगल तेच, दुकानांच्या ओळीही पुष्कळदा साच्यातल्या. हाताने केलं म्हणून काम वेगळं निघतं, हा भ्रम जुनाच आहे. ते पत्र वेगळं ठरे ते त्यातल्या त्या गावामुळे. याच कसोटीवर आजच्या बहुतेक महागड्या पत्रिका नापास होतात. मखमली पेटी, सुका मेवा, सोनेरी मोर आणि हवामहल. लग्न नाशिकला असलं तरी हवामहल. हा पत्राविना खलिता झाला. उलट आपल्या अंगणाचं, आपल्या गल्लीचं साधं रेखाचित्र सुती कागदावर छापून घेणारा यजमान कमी खर्चात जुन्या कामाच्या जवळ जातो. हातकागदावर पातळ शाई फुटते आणि जाड तावाला आधी घडीची रेघ दाबल्याशिवाय नीट घडी बसत नाही, एवढं सांभाळलं तर स्क्रीन प्रिंटिंगने ते घरगुती पातळीवरही जमतं.

एक गोष्ट मात्र पत्रिका करून घेणाऱ्याने मागून घ्यावी. आजच्या पत्रिकेच्या पाठीवर छापखान्याचा फोन नंबर असतो. चित्र कुणी काढलं आणि कागद कुणी केला, हे कुठेच नसतं. १६१० च्या पत्रात शालिवाहनाचं नाव होतं. तेवढी दोन नावं घालायला जागाही लागत नाही आणि पैसाही.