रंगांधळ्यांचा चष्मा

गेल्या पंधरा वर्षांत एका चष्म्याचा जगभर बोलबाला झाला आहे. रंगांधळ्या मनुष्यानें तो डोळ्यांवर चढविला कीं तांबडा आणि हिरवा हे रंग त्याला जन्मांत प्रथमच वेगळे दिसूं लागतात, असें सांगण्यांत येतें. आणि तो लावतांच फुलांच्या ताटव्याकडे पाहून ज्यांच्या डोळ्यांना पाणी आलें अशा माणसांचीं चलच्चित्रेंही दाखविण्यांत येतात. आमच्या छत्रपती संभाजीनगरांत — ज्याचें अधिकृत नांव २०२३ पर्यंत औरंगाबाद होतें त्या शहरांत — रेल्वेच्या किंवा सैन्याच्या भरतींत रंगपरीक्षेपाशीं अडकलेल्या मुलांचे वडील आम्हांस अधूनमधून भेटतात आणि हा चष्मा मागवावा काय, असें विचारतात. चष्म्याला कित्येक हजार रुपये पडतात. पण प्रश्न केवळ पैशांचा नाहीं. एकदां परीक्षेनें नाकारलेला मुलगा चष्मा लावूनही ‘बरा’ झाला नाहीं, म्हणजे तो स्वतःला दुसऱ्यांदा नापास ठरवितो. म्हणून हा चष्मा काय करूं शकतो व काय करूं शकत नाहीं, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. आणि तें समजण्यास या विषयाच्या इतिहासासारखा दुसरा वाटाड्या नाहीं.

मनुष्याला रंग नीट न दिसण्याचे तीन प्रकार आहेत. पहिल्यांत दोष वस्तूवर असतो, दुसऱ्यांत तो डोळ्यांत आडवा आलेला असतो, आणि तिसऱ्यांत डोळ्याच्या रंग ओळखणाऱ्या यंत्रणेचाच एक भाग उणा असतो. या तिहींची गल्लत झाली म्हणजे भलत्या आशा उत्पन्न होतात.

पहिल्या प्रकाराचें उदाहरण आमच्या शहरापासून शंभर किलोमीटरांवर आहे. २८ एप्रिल १८१९ रोजीं जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठ्याचीं लेणीं पडलीं. पुढें १८४४ पासून रॉबर्ट गिल यानें, आणि १८७२ पासून मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या शिष्यांसह, तेथील चित्रांच्या नकला उतरविल्या. चित्रें उठून दिसावींत म्हणून त्या काळांत भिंतींवर रोगणाचे हात फिरले. नंतर १९२० ते १९२२ या काळांत निजाम सरकारनें लोरेंझो चेक्कोनी व ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलाविलें. त्यांनीं भिंतींपासून सुटूं पाहणारा गिलावा बसता केला, म्हणून आज पुष्कळ चित्रें शिल्लक आहेत, हे त्यांचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. परंतु त्यांनीं वापरलेलें लाखेचें रोगणही काळानें पिवळें पडलें. अजिंठ्याच्या चित्रकारांचे गेरू, पिवडी, काजळ व हिरवी माती हे रंग साधे होते. मौल्यवान होता तो निळा, कारण तो दूर बदकशानच्या खाणींतील लाजवर्दी दगडाचा होता. पिवळ्या थराआडून पाहिलें असतां निळ्याचा हिरवट होतो आणि पांढऱ्याचा मळकट पिवळा. अजिंठा म्हणजे तपकिरी रंगाचें जग, अशी जी समजूत कित्येक पिढ्यांची झाली, तिच्यांत चित्रकारांइतकाच या रोगणाचाही वांटा होता. पुढें भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांनीं हे थर हलक्या हातानें काढण्याचें काम केलें, आणि जेथें थर निघाला तेथें निळा रंग पुन्हां दिसूं लागला. तो कोणी नव्यानें दिला नाहीं; तो तेथेंच होता.

दुसरा प्रकार घरोघरचा आहे. मोतीबिंदूनें डोळ्यांतलें भिंग वर्षांनुवर्षें पिवळसर होत जातें, आणि म्हातारीला आपल्या लुगड्याचा निळा रंग विटला असें वाटूं लागतें. शस्त्रक्रिया होऊन नवें भिंग बसलें कीं तिला सगळें पांढरें शुभ्र व निळें दिसूं लागतें, आणि चार दिवस ती तेंच सांगत सुटते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याचीही ही शस्त्रक्रिया १९२३ सालीं झाली होती. येथेंही आड आलेला थर दूर झाला आणि मागें असलेली दृष्टि मोकळी झाली, इतकेंच घडलें.

रंगांधत्व मात्र तिसऱ्या प्रकारचें आहे. मौज अशी कीं, तें दुसऱ्याच प्रकारचें आहे असें प्रथम ज्यानें मानलें, तो स्वतः रंगांधळा आणि थोर शास्त्रज्ञ होता. अणुवादाचा प्रणेता जॉन डाल्टन यानें १७९२ सालीं जिरेनियमचें एक फूल दिवसा व नंतर मेणबत्तीच्या उजेडांत पाहिलें. दिवसा तें त्याला आकाशासारखें निळें दिसलें होतें आणि रात्रीं तांबडें दिसलें. इतरांना हा बदल जाणवला नाहीं, जाणवला तो फक्त त्याच्या भावाला. ३१ ऑक्टोबर १७९४ रोजीं मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळापुढें त्यानें आपल्या दृष्टीविषयीं निबंध वाचला. त्याचें अनुमान असें होतें कीं, आपल्या डोळ्यांतील द्रव निळसर असला पाहिजे आणि तोच तांबडे किरण शोषून घेत असला पाहिजे. म्हणजे त्याच्या मतें त्याच्या डोळ्यांत निसर्गानेंच एक निळी काच बसविली होती. आपल्या मृत्यूनंतर डोळे उघडून हें पडताळून पाहावें, असें त्यानें सांगून ठेवलें. २७ जुलै १८४४ रोजीं तो वारला आणि जोसेफ रॅन्सम या वैद्यानें त्याची इच्छा पुरी केली. द्रव अगदीं निर्मळ निघाला. वैद्यानें त्या डोळ्याच्या आरपार पाहिलें. तांबडें तांबडेंच आणि हिरवें हिरवेंच दिसलें. आड आलेली काच नव्हतीच.

मग काय होतें? त्याच जपून ठेवलेल्या डोळ्यांच्या अवशेषांनीं १९९५ सालीं उत्तर दिलें. आपल्या दृष्टिपटलांत शंकूच्या आकाराच्या तीन जातींच्या पेशी असतात. एक जात आखूड तरंगांच्या, दुसरी मध्यम व तिसरी लांब तरंगांच्या प्रकाशाला विशेष दाद देते. एकटी कोणतीही जात रंग ओळखीत नाहीं. तिघींच्या साक्षींची तुलना करून मेंदू रंग ठरवितो. डाल्टनच्या जनुकांत मध्यम तरंगांच्या द्रव्याचा आराखडाच नव्हता. तीन साक्षीदारांपैकीं एक मुळांतच नसेल, तर उरलेल्या दोघांना कितीही चांगला चष्मा दिला तरी तिसऱ्याची साक्ष ते देऊं शकत नाहींत. तांबड्या व हिरव्या संवेदनेचीं हीं जनुकें एक्स गुणसूत्रावर असतात, आणि पुरुषाला तें एकच मिळतें. म्हणून हा दोष पुरुषांत अधिक. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरांत सुमारें ८ जणांना तो असतो, स्त्रियांत दोनशांत एखादीला. आजोबांचें रंगांधत्व मुलीच्या द्वारें नातवाकडे येतें आणि मुलीला स्वतःला बहुधा पत्ताही नसतो. तेव्हां या बाबतींत कोणा आईला बोल लावणें हा केवळ अन्याय आहे, हें जातां जातां सांगणें अवश्य वाटतें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. सर्वच रंगांधळे डाल्टनसारखे नसतात. पुष्कळांच्या डोळ्यांत तीनही जाती असतात, परंतु तांबड्या व हिरव्याच्या दोन जाती एकमेकींच्या फार जवळ सरकलेल्या असतात; त्यामुळें त्यांच्या साक्षींत फरक थोडा पडतो. चष्म्याचा जो कांहीं उपयोग आहे तो मुख्यतः अशांना आहे.

चष्म्याची कल्पनाही नवी नव्हे. १८५५ सालीं जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें एका रंगांधळ्या गृहस्थाला एक तांबडी व एक हिरवी काच देऊन पाहिली; दोन्हींतून आळीपाळीनें पाहून कोणती वस्तु कोठें उजळ व कोठें काळपट दिसते, यावरून तो गृहस्थ संशयित रंग अचूक सांगूं लागला. मग मॅक्सवेलनें एक डोळा तांबडा व एक हिरवा असा चष्माच करविला. ही युक्ति तर्काची होती. डोळ्याला नवी संवेदना त्यानें दिली नाहीं, बुद्धीला एक नवी खूण दिली. १९७१ सालीं अमेरिकेंत हॅरी झेल्ट्झर यानें एकाच डोळ्यांत घालावयाचें तांबडें स्पर्शभिंग काढलें, त्याचेंही तत्त्व हेंच. आजच्या एन्क्रोमा नांवाच्या चष्म्याचा जन्म योगायोगानें झाला. लेसर किरणांनीं शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्यांच्या डोळ्यांच्या रक्षणासाठीं डॉन मॅकफर्सन या काचशास्त्रज्ञानें विशेष काच तयार केली होती; ती एका रंगांधळ्या मित्रानें सहज डोळ्यांवर लावली आणि नारिंगी रंग ओळखला. २०१० सालीं त्यांतून व्यवसाय उभा राहिला. ही काच तांबड्या व हिरव्या संवेदना जेथें एकमेकींवर चढतात तेवढाच प्रकाशाचा पट्टा गाळते, म्हणून उरलेल्या दोन बाजूंतला फरक ठळक होतो.

म्हणजे प्रत्येक वेळीं काच कांहीं देत नाहीं. प्रकाशांतून कांहीं वजा करते. अजिंठ्याच्या भिंतीवरून थर काढला तेव्हां रंग परत आला. येथें उलट डोळ्यावर एक थर चढवावयाचा आहे. त्यानें जें दिसतें तें निराळें असतें, कधीं सुंदरही असतें, परंतु तें इतरांचें जग नव्हे. २०१८ सालीं स्पेनमधील ग्रानादा विद्यापीठाच्या संशोधकांनीं ४८ रंगांधळ्या व्यक्तींवर हा चष्मा तपासला. रंगांचा भास बदलतो, पण तपासणीचे निकाल सुधारत नाहींत व दृष्टि सामान्य होत नाहीं, असा निर्णय त्यांनीं दिला. उलट २०२० सालीं कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील विद्यापीठाच्या प्रयोगांत, सौम्य दोष असलेल्या कांहीं व्यक्तींना तो बरेच दिवस वापरल्यावर, काढल्यानंतरही, तांबड्या-हिरव्यांतील फरक अधिक जाणवला. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले म्हणजे सत्य कळतें: सौम्य दोषाला थोडी मदत, पूर्ण अभावाला उपाय नाहीं. नसलेलें द्रव्य डोळ्यांत उत्पन्न करण्याचा खरा प्रयत्न वेगळ्याच वाटेनें झाला. २००९ सालीं वॉशिंग्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं रंगांधळ्या माकडांच्या दृष्टिपटलांत तें जनुक घातलें आणि तीं तांबडा-हिरवा भेद ओळखूं लागलीं. मनुष्यासाठीं तो उपचार अजून प्रचारांत आलेला नाहीं.

आतां परीक्षेची गोष्ट. १५ नोव्हेंबर १८७५ रोजीं स्वीडनमध्यें लागरलुंडा येथें दोन आगगाड्यांची टक्कर होऊन नऊ माणसें मेलीं. उप्सालाचे प्राध्यापक होल्मग्रेन यांनीं इशाऱ्याचा दिवा ओळखण्यांत रंगांधत्वामुळें चूक झाली असावी असा तर्क केला, आणि रंगीत लोकरीच्या गुंड्या निवडावयास लावून एका रेल्वेचे २६६ नोकर तपासले. त्यांत १३ रंगांधळे निघाले. त्या अपघाताचें कारण खरोखर तेंच होतें काय, याविषयीं पुढील अभ्यासकांनीं शंका घेतल्या आहेत. परंतु रंगपरीक्षा जगभर रूढ झाली ती तेव्हांपासून. १९१७ सालीं जपानच्या शिनोबु इशिहारा यांनीं ठिपक्यांतून अंक ओळखण्याचीं पानें प्रसिद्ध केलीं, आणि आज आमच्या मुलांपुढें तींच येतात. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादमार्गें हैदराबादकडे आगगाडी सुरू झाली, तेव्हां आमच्या या भागांतही तांबड्या-हिरव्या दिव्यांचें राज्य आलें. इंजिन चालविणाऱ्याला ते दिवे ओळखतां आलेच पाहिजेत, याविषयीं आमचें दुमत नाहीं. शेंकडों प्रवाशांचे प्राण त्यावर अवलंबून असतात. रंगीत काच लावून इशिहाराचा अंक कधीं वाचतां येतो, पण तो उजळ-काळपटाच्या खुणेनें. म्हणूनच परीक्षक ती काच लावूं देत नाहींत, आणि तें योग्य आहे.

परंतु इंजिनासाठीं जो उंबरठा घातला, तोच पुढें ज्या कामांना त्याची गरज नाहीं त्यांच्याही दारांत बसला, ही खरी तक्रार आहे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्यें २०१५ सालीं चित्रपट-संकलनाच्या अभ्यासक्रमासाठीं निवडलेल्या एका विद्यार्थ्यास वैद्यकीय तपासणींत रंगांधळा ठरल्यावर प्रवेश नाकारण्यांत आला. उच्च न्यायालयांत त्याला यश आलें नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें मात्र नेत्रतज्ज्ञ व चित्रपट-व्यवसायांतील जाणते यांची समिति नेमली, आणि संकलनाच्या कामाला रंग ओळखण्याची आवश्यकता किती, हा साधा प्रश्न विचारला. समितीचें म्हणणें पडलें कीं, अभ्यासक्रमांतील रंगसंस्काराचा छोटा भाग ऐच्छिक करतां येईल, पण विद्यार्थ्याला वगळण्याचें कारण नाहीं. १२ एप्रिल २०२२ च्या निकालानें रंगांधळ्यांना या संस्थेचीं दारें उघडलीं. त्याआधीं जून २०२० मध्यें केंद्र सरकारनें नियम बदलून सौम्य व मध्यम रंगांधत्व असलेल्यांना वाहन चालविण्याचा परवाना मिळण्याची सोय केली होती. या दोन्ही निर्णयांत कोणाचाही डोळा बदलला नाहीं. बदलला तो प्रश्न. ‘याला रंग दिसतात काय?’ असें न विचारतां ‘या कामाला रंग किती लागतो?’ असें विचारलें गेलें.

आमच्या विद्यार्थ्यांत रंगांधळी मुलें होतीं व आहेत. अशा एकाला आम्ही इतरांबरोबर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत नेलें होतें. पद्मपाणीच्या चित्रापुढें बाकीचीं मुलें रंगांविषयीं बोलत होतीं. तो मात्र भुवईपासून खांद्यापर्यंत उतरणाऱ्या रेषेविषयीं बोलला, आणि नाकावरच्या उजळ फटकाऱ्यानें मुख कसें पुढें येतें तें त्यानेंच इतरांना दाखविलें. प्राचीन चित्रसूत्रानेंही जाणत्यांच्या दृष्टीनें रेषेला रंगाच्या वरचें स्थान दिलें आहे. त्याला कांहीं कमी दिसत होतें हें खरें. पण जें दिसत होतें तें तो नीट पाहत होता.

तेव्हां चष्मा घ्यावा कीं घेऊं नये? प्रथम नेत्रवैद्याकडून दोष कोणत्या जातीचा व किती आहे हें तपासून घ्यावें. दोष सौम्य असेल, पैसा जड नसेल आणि मुलालाच कुतूहल असेल तर खुशाल घ्यावा. पळसाचीं फुलें व पैठणीचे कांठ तो निराळ्या रीतीनें पाहील, आणि तो आनंद खोटा नव्हे. पण भरतीची परीक्षा पार पडावी म्हणून किंवा मुलगा ‘आपल्यासारखा’ व्हावा म्हणून तो घेऊं नये. डाल्टनच्या डोळ्यांत काढून टाकण्यासारखें कांहींच नव्हतें, आणि त्या डोळ्यांनींच त्यानें आपलें सर्व शास्त्र केलें. आपल्या मुलाच्या डोळ्यांवरही पुसून टाकण्यासारखा थर नाहीं, हें वडिलांनीं एकदां मनाशीं पक्कें केलें, म्हणजे त्याला कोणतें काम साधेल याचा विचार मोकळ्या मनानें सुरू करतां येईल.