परवान्यावरची तारीख

मोटार हाकायला परवाना हवा, हे ब्रिटिश हिंदुस्थानात १९१४ च्या कायद्याने ठरले. पुढे १९३९ चा आणि १९८८ चा कायदा आला. जुन्या पुस्तकवजा परवान्यात नूतनीकरणाचे शिक्के पडत. त्या गर्दीतून पहिली तारीख हुडकावी लागे. मग कार्ड आले. आता क्रमांकच पाहा ना: ‘एमएच १२’, म्हणजे पुणे, त्यापुढचे चार आकडे म्हणजे पहिला परवाना दिल्याचे साल. पण खरी मेख वाहनांच्या तक्त्यात आहे. तिथे प्रत्येक प्रकारापुढे तारीख निराळी असू शकते. मोटारसायकलची नोंद जुनी, अन् ट्रॅक्टरची मात्र अपघातानंतरची निघाली, तर विम्याच्या दाव्यात नेमकी तीच तारीख आडवी येते.