चुकीची बोली आणि दिलेला शब्द

लिलाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. बोली हा शब्द मात्र आपला आहे. माणूस बोलतो तीही बोली आणि लिलावात जी रक्कम लावतो तीही बोली. आजच्या प्रश्नाचे मूळ या एका शब्दातच आहे. तोंडातून, किंवा हल्लीच्या काळात बोटातून, एकदा गेलेली बोली परत घेता येते काय? समजा, संगणकावरील एका लिलावात एक बाई आपले शिलाई यंत्र विकावयास ठेवते. एक गृहस्थ त्यावर ४,५०० रुपये लावण्याचे योजतो. पण एक शून्य अधिक पडते आणि ४५,००० लिहिले जातात. मुदत संपते. तुम्ही जिंकलात, असे यंत्र त्याला कळविते. आता त्याने काय करावे? एक पक्ष म्हणतो, शब्द तो शब्द. दुसरा म्हणतो, चूक ती चूक. मनात नव्हते ते बोललेच नाही असे समजावे.

आम्ही कायद्याचे पंडित नाही. कारखान्याच्या फाटकावर जे शिकलो आणि रात्री दिव्याखाली जे वाचले, तेवढीच आमची शिदोरी. परंतु आमचे सारे आयुष्य करार करण्यात आणि झालेले करार पाळावयास लावण्यात गेले आहे. म्हणून दिलेल्या शब्दाची किंमत काय, हा प्रश्न आम्हास परका नाही. त्याचे उत्तर इतिहासात कसकसे घडत गेले, ते आपण क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट रोमची. इ. स. ३७ ते ४१ या काळात तेथे कॅलिग्युला हा सम्राट होता. त्याने एकदा ग्लॅडिएटरांचा, म्हणजे आखाड्यात झुंजणाऱ्या गड्यांचा लिलाव मांडला. अपोनियस सॅटर्नायनस नावाचा एक सरदार बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागला. सम्राट लिलाव पुकारणाऱ्यास म्हणाला, त्या गृहस्थांकडे लक्ष असू द्या, ते वारंवार मान हलवीत आहेत. बोली चढत गेली. सरदार जागा झाला तेव्हा १३ ग्लॅडिएटर ९० लक्ष सेस्टर्स या किमतीला त्याच्या गळ्यात पडलेले होते. स्युटोनियस या इतिहासकाराने ही हकीकत नोंदविली आहे. त्या काळी रोमच्या साध्या शिपायास वर्षाला ९०० सेस्टर्स मिळत. म्हणजे एका डुलकीची किंमत १०,००० शिपायांच्या वर्षाच्या पगाराइतकी झाली! येथे शब्द पाळला गेला खरा, पण त्याला कोणी सचोटी म्हणेल काय? माणूस झोपला आहे हे घेणाऱ्यास ठाऊक होते. नव्हे, ठाऊक होते म्हणूनच त्याने घेतले. चुकून लागलेल्या बोलीचा हा जुना दाखला आपणांस एक गोष्ट शिकवितो. बोली कोणाच्या तोंडून निघाली एवढेच पाहून भागत नाही. ती घेणाऱ्याच्या मनात काय होते हेही पाहिले पाहिजे.

यानंतर एकदम १७८९ साली इंग्लंडात येऊ. पेन विरुद्ध केव्ह या खटल्यातील बोली लावणाऱ्याने ४० पौंडांपर्यंत बोली नेली आणि हातोडा पडण्यापूर्वीच ती मागे घेतली. न्यायालयाने सांगितले की बोली हा केवळ प्रस्ताव होय. हातोडा पडला म्हणजे त्याला रुकार मिळतो. तोवर दोन्ही पक्ष मोकळे. हेच तत्त्व आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्याच्या ६४ व्या कलमात आहे. आपल्याकडे एक वार, दोन वार, तीन वार असे पुकारतात, त्यातील मर्म हेच. त्या तीन पुकारांत माणसाला शुद्धीवर येण्यास अवसर मिळतो.

पण हातोडा पडल्यावर काय? १८७२ च्या आपल्या करार कायद्याचे २२ वे कलम म्हणते की, केवळ एका पक्षाची चूक झाली एवढ्यावरून करार रद्द करता येत नाही. नियम कठोर आहे, पण त्याला अर्थ आहे. 'माझे मन तसे नव्हते' एवढ्या एका वाक्याने करार मोडू लागले, तर मालकांनी आमच्याशी केलेला एकही करार वर्षभर टिकणार नाही.

तथापि चूक सर्वस्वी एकाचीच असते असेही नाही. १९१३ साली लंडनच्या न्यायालयापुढे स्क्रिव्हन विरुद्ध हिंडले हा खटला आला. एकाच जहाजातून उतरलेले तागवर्गीय धाग्याचे चांगले गठ्ठे आणि त्याच धाग्याच्या हलक्या चोथ्याचे गठ्ठे, दोहोंवर एकच खूण. आणि लिलावाच्या यादीत हा भेद स्पष्ट केलेला नव्हता. घेणाऱ्याने चोथ्यावर चांगल्या मालाची किंमत लावली. न्यायालयाने ठरविले की हा करार झालाच नाही. कारण गोंधळास विकणाऱ्याची मांडणीच कारणीभूत होती.

या मुद्द्यावर आपला स्वतःचा इतिहास तर अधिक बोलका आहे. महाराष्ट्राच्या शेतकऱ्याने लिलाव पाहिला तो बोली लावणारा म्हणून नव्हे. त्याच्या दारात दवंडी पिटली गेली तेव्हा पाहिला. वाचता न येणाऱ्या कुणब्याने सावकाराच्या खतावर अंगठा उठवावा, न्यायालयाने त्या अंगठ्यास वचन मानावे आणि त्याच्या जमिनीचा लिलाव व्हावा, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे उठाव झाला आणि सावकारांची खते जाळली गेली. पुढे १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्यार्थ जो कायदा झाला, त्याने न्यायालयास खताच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. खतावर अंगठा आहे एवढे पुरेसे नाही, अंगठा उठविणाऱ्यास काय समजले होते ते पाहा, असा त्याचा आशय होता. 'शब्द पाळा' हा उपदेश बहुधा दुबळ्यालाच केला जातो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कायद्याचे मोल निराळे सांगावयास नको.

आता संगणकाकडे वळू. १९९५ साली कॅलिफोर्नियात पिअर ओमिडियार यांनी पुढे 'ईबे' म्हणून प्रसिद्धीस आलेला लिलाव सुरू केला. तेथे आरंभी विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर-दर्शक, किंमत १४.८३ डॉलर. वस्तू मोडकी आहे हे आपणांस ठाऊक आहे ना, असे ओमिडियार यांनी घेणाऱ्यास विचारले, तेव्हा आपण मोडकेच गोळा करतो असे त्याने कळविले, अशी त्या संस्थेची कथा आहे. या विचारण्यात विकणाऱ्याचा सारा धर्म आला. दुर्दैवाने यंत्र असे विचारीत नाही. तेथे हातोडा नाही, तीन पुकार नाहीत, समोरचा चेहरा नाही. घड्याळाचा काटा सरकला की सौदा पुरा.

मग यंत्राच्या युगात न्याय कोठे शोधावा? १ जानेवारी १९०० पासून अंमलात असलेल्या जर्मन दिवाणी संहितेत याचे एक सरळ उत्तर आहे. लिहिण्या-बोलण्यात चूक झाली असेल तर माणसाला ती विनाविलंब कळवून बाहेर पडता येते. परंतु त्याच्या शब्दावर विसंबल्यामुळे दुसऱ्याचे जे नुकसान झाले, ते त्याने भरून दिले पाहिजे. मात्र चूक आहे हे ज्यास ठाऊक होते, किंवा ठाऊक असावयास हवे होते, त्याला भरपाई नाही. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही याच जातीचा नियम आहे. न्यायालयाच्या लिलावात बोली जिंकून जो पैसे भरीत नाही, त्याच्या चुकारपणामुळे फेरलिलावात किंमत कमी आली, तर ती तूट त्याच्याकडून वसूल होते.

एवढे झाल्यावर एक अलीकडचा दाखला. ८ डिसेंबर २००५ रोजी टोकियोच्या शेअरबाजारात मिझुहो या पेढीला जे-कॉम कंपनीचा १ शेअर ६,१०,००० येनला विकावयाचा होता. लिहिले गेले ते ६,१०,००० शेअर, प्रत्येकी १ येन! कंपनीचे एकूण शेअरच साडेचौदा हजारांच्या आसपास होते. पेढीने चूक ओळखून सौदा मागे घेण्याचा प्रयत्न केला, पण बाजाराच्या यंत्रणेने तो स्वीकारला नाही. नुकसान सुमारे ४,००० कोटी येनचे झाले. नसलेले शेअर देणे अशक्य, म्हणून घेणाऱ्यांना प्रत्येक शेअरमागे ठरावीक रोख रक्कम देऊन पेढीने सौदा पुरा केला. बाजाराच्या यंत्रणेचा दोष न्यायालयाने पुढे मान्य केला आणि बाजारावर सुमारे १,०७० कोटी येनची भरपाई बसविली. आणि विशेष हे की, या चुकीवर नफा कमावलेल्या अनेक बड्या पेढ्यांनी, लोकमताच्या दडपणाखाली का होईना, तो नफा सोडून देण्याचे मान्य केले. अशा वेळी एका कारकुनाच्या बोटाकडे दाखवून मोकळे होणे फार सोपे असते. पण एका बोटाने बाजार हादरतो, तेव्हा दोष बोटाइतकाच, ज्या यंत्रात थांबण्याची सोय नाही त्या यंत्राचाही असतो.

तेव्हा शिलाई यंत्राच्या त्या गृहस्थाने काय करावे? आमचे उत्तर असे. त्याने त्याच घटकेस बाईंना कळवावे; गप्प राहून तोंड लपवू नये. ४,५०० च्या जागी ४५,००० ही चूक डोळ्यांना दिसण्यासारखी आहे. म्हणून बाईंनीही ती रक्कम हक्काची म्हणून मागू नये. परंतु त्याच्या बोलीमुळे ज्याची खरी बोली मागे पडली, तो घेणारा निघून गेला असेल, फेरलिलावात किंमत कमी आली असेल, तर ती तूट गृहस्थाने मुकाट्याने भरावी. आणि चूक उघड दिसण्यासारखी नसेल, ४,५०० च्या जागी ५,४०० पडले असतील, तर सरळ पैसे मोजून यंत्र घरी न्यावे.

शब्द पाळणे म्हणजे दरवेळी वस्तू घेणेच असे नाही. आपल्या चुकीचा भुर्दंड दुसऱ्याच्या खिशात जाऊ न देणे, आणि दुसऱ्याच्या डुलकीवर आपली तिजोरी न भरणे, या दोन्ही गोष्टी मिळून शब्द पुरा होतो. त्यातली पहिली गोष्ट गरिबाला कोणी शिकवावी लागत नाही. सावकाराने ती त्याच्याकडून पुरेपूर वसूल केली आहे. दुसरी मात्र कॅलिग्युलापासून आजतागायत बलवंतांना शिकवावी लागली आहे, आणि ती शिकविण्याचे काम अजून संपलेले नाही.